कोर्टाचं फाटक आणि बास्केटबॉलचं करिअर

गोरेगावात मुलाला बास्केटबॉलला घालतात ते बहुतेक वेळा उंचीसाठी. मुलगा आठवीत गेला तरी वर्गात पुढच्याच बाकावर बसतो, आई-वडिलांना घोर लागतो, आणि शेजारपाजारचं कोणीतरी सांगतं, 'बास्केटबॉलला घाला, उंच निघेल.' मग बूट येतात, बॉल येतो आणि सहा महिने मुलगा कोर्टावर दिसतो. उंची मुख्यतः आई-वडिलांकडून येते, थोडी आहारातून आणि आरोग्यातून; रिंगकडे उड्या मारून हाडं लांब होत नाहीत. उंच माणसं या खेळात दिसतात, कारण हा खेळ उंच माणसांना निवडतो. पण त्या समजुतीशी मला इथे भांडायचं नाही. मला लागतं ते वेगळंच. 'हा पुढे खेळाडू होईल' म्हणून मुलाला बास्केटबॉलला घालणारं घर शोधूनही सापडत नाही. क्रिकेटच्या बाबतीत असं घर सापडतं, आता कबड्डीच्या बाबतीतही सापडतं. बास्केटबॉल मात्र अंगाला व्यायाम देणारा आणि दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळवून देणारा खेळ, एवढ्यावरच राहतो.

यात आई-वडिलांचा दोष नाही. 'पुढे काय?' हा प्रश्न ते विचारतात, आणि त्याचं खरं उत्तर ऐकलं की समजूतदार माणूस मुलीला कोर्टावरून उचलून क्लासला पाठवतो.

खरं उत्तर असं आहे. शाळेत 14, 17 आणि 19 वर्षांखालील स्पर्धा. जिल्हा, विभाग, मग राज्य. त्याला समांतर संघटनेच्या सब-ज्युनिअर आणि ज्युनिअर नॅशनल. कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. दहा वर्षांच्या या सगळ्या धावपळीतून हातात येतात ती सर्टिफिकेटं. विशीच्या आसपास ती फाइल काखोटीला मारून रेल्वेच्या ट्रायलला जायचं. स्पोर्ट्स कोट्याच्या भरतीत 100 पैकी 50 गुण आजवरच्या कामगिरीला, 40 ट्रायलमधल्या खेळाला आणि तंदुरुस्तीला, 10 शिक्षणाला. निवड झाली तर रेल्वेत कारकुनाची किंवा तिकीट तपासनिसाची नोकरी, सरावासाठी कामाच्या वेळेत सवलत, वर्षाकाठी आंतररेल्वे स्पर्धा आणि नॅशनल. रेल्वेखेरीज ओएनजीसी, आयकर खातं, सेनादलं, इंडियन ओव्हरसीज बँक अशी मोजकी दारं आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण ती नोकरी लागली की खेळ सुरू राहतो असं नाही, बऱ्याचदा तो तिथेच संपतो.

या व्यवस्थेला नावं ठेवणं सोपं आहे, आणि मी ती ठेवणार नाही. रेल्वे नसती तर या देशात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींना कोणीच पगार दिला नसता. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांवर रेल्वेचं वर्चस्व वर्षानुवर्षं आहे, ते त्यामुळेच. केरळच्या गीतू ॲना जोसला दक्षिण रेल्वेनं आधार दिला. ती ऑस्ट्रेलियात रिंगवूडच्या क्लबकडून खेळली आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएमधल्या संघांकडे ट्रायल देऊन आली. नोकरीचा आधार नसता तर ती एवढी वर्षं खेळत राहिली असती का? ज्या घरात महिन्याचा पगार ही एकमेव मोठी गोष्ट असते, तिथे 'खेळातून नोकरी लागली' हे वाक्य किती मोठं असतं ते मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

तरीही या व्यवस्थेत एक मोठी खोट आहे. तिच्यात आत जायची संधी एकदाच आणि तीही विशीत. त्या एक-दोन वर्षांत गुडघा दुखावला, जागा निघाल्या नाहीत किंवा तुमच्या जागेवर खेळणारा आधीच भरलेला असला, तर संपलं. आत गेलेल्या माणसालाही रोज सुधारण्याचं कारण उरत नाही, कारण त्याचा पगार खेळावर नव्हे, श्रेणीवर ठरतो. बाहेर राहिलेल्याला तर खेळायला जागाच नाही. 23 वर्षांचा चांगला पॉइंट गार्ड, राज्याकडून खेळलेला, पण रेल्वेत न लागलेला: तो गोरेगावात काय करतो? एखाद्या शाळेत महिन्याच्या ठोक मानधनावर कोच होतो, रविवारी मित्रांबरोबर खेळतो आणि दोन वर्षांत सेल्सच्या नोकरीला लागतो. अमेरिकेत किंवा युरोपात हाच मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाच्या क्लबाकडून थोड्या पैशांत खेळला असता आणि 26 व्या वर्षी कदाचित वर सरकला असता. बास्केटबॉलपटूचं करिअर या मधल्या पायऱ्यांवर घडतं. आपल्याकडे तळाची पायरी आहे, वरच्या मजल्याची जाहिरात आहे, मधली शिडी गायब आहे.

वरच्या मजल्याची जाहिरात म्हणजे एनबीए. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे संघ दोन दिवस खेळले. पहिल्या दिवशी गॅलरीत हजारो शाळकरी मुलं होती. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, आपल्या पश्चिम उपनगरातल्या जुहूचे. या गोष्टीचा आपल्याला अभिमान वाटला आणि वाटायलाही हवा. पण त्यातला धडा अभिमानात बुडून जाऊ नये. रणदिवे तिथे पोचले ते एमआयटी आणि हार्वर्डमधून, सॉफ्टवेअर कंपन्या उभारून. जुहूतल्या हुशार मुलाला अमेरिकेतल्या विद्यापीठापर्यंत नेणारी वाट तेव्हाही होती: शाळा, परीक्षा, प्रवेश, शिष्यवृत्ती, एकेक पायरी. एनबीएच्या संघाचा मालक होण्याची वाट मुंबईतून निघाली. त्या संघात खेळण्याची वाट आजही निघत नाही.

आणि खेळण्याची वाट म्हणजे किती अरुंद ते बघा. 30 संघ, प्रत्येकात नियमित करारावरचे 15 खेळाडू, म्हणजे सगळं जग मिळून 450 च्या आसपास जागा. दरवर्षीच्या ड्राफ्टमध्ये 60 च्या आसपास नावं पुकारली जातात. पंजाबच्या बल्लो के गावातला सतनाम सिंग 2015 मध्ये 52 वा पुकारला गेला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. त्याला एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. पण तो तिथवर पोचला कसा, हे जास्त महत्त्वाचं आहे. 7 फूट 2 इंच उंची तर होतीच. पण गावातून त्याला आधी लुधियानाच्या अकादमीत आणलं गेलं, तिथे राहणं, जेवण, सराव आणि जाणकार कोच एका ठिकाणी होते, आणि 2010 मध्ये शिष्यवृत्तीवर तो फ्लोरिडाच्या अकादमीत गेला. त्याच्यामागे पंजाबात एक वाट तयार होती, आणि तिच्या शेवटी पंजाब पोलिसांसारखी नोकरीची सोयही होती. महाराष्ट्रात त्या तोडीचं काय होतं?

होतं, आणि ते मुंबईतच होतं. नागपाड्यात.

नागपाडा नेबरहूड हाउस ही संस्था क्लिफर्ड मॅनशार्ड या अमेरिकन मिशनऱ्यानं 1920 च्या दशकात सुरू केली. 1936 साली तिथेच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, आजची 'टिस'. त्याच वस्तीत, गोदी-कारखान्यांत राबणाऱ्या माणसांच्या दाटीत, मस्तान वायएमसीएच्या आणि आसपासच्या मैदानांवर बास्केटबॉल रुजला. बच्चू खान यांच्यासारख्या कोचनं मुलं घडवली; त्यांचं नाव आज तिथल्या मैदानाला आहे. त्याच गल्ल्यांतून अब्बास मुंतसिर आले, भारताचे कर्णधार झाले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्यानंतरही नागपाड्यानं पिढ्यान्‌पिढ्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय खेळाडू दिले. ही वस्ती गरीब होती, घरं दहा बाय दहाची होती, आणि इथल्या मुलांची उंची काही शहरातल्या इतर मुलांपेक्षा जास्त नव्हती.

तिथे वेगळं एवढंच होतं, की संध्याकाळी कोर्ट उघडं असायचं. घराबाहेर पडून गल्ली ओलांडली की कोर्ट. लहान मुलगा कडेला बसून मोठ्यांचा खेळ बघणार, बॉल बाहेर गेला की धावत आणून देणार, वर्षभरानं एखादा खेळाडू कमी पडला की आत शिरणार. पंधराव्या वर्षी त्याला अडवायला समोर भारतासाठी खेळलेला माणूस असणार. हे शिक्षण कोणत्याही उन्हाळी शिबिरात मिळत नाही. नोकरी लागलेले खेळाडू संध्याकाळी परत त्याच कोर्टावर यायचे, त्यामुळे पुढची वाट त्या पोराला डोळ्यांनी दिसायची: हा रेल्वेत, हा आणखी कुठल्या खात्यात, हा भारताकडून. नागपाड्यात मधली शिडी माणसांची होती.

आता आमच्या गोरेगावात या. मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 93 लाखांच्या पुढे होती. सर्बिया या अख्ख्या देशात 70 लाखही माणसं नाहीत. त्या देशातल्या सोम्बोर या छोट्या गावचा निकोला योकिच बेलग्रेडमधल्या एका क्लबाकडून खेळला, 2014 च्या ड्राफ्टमध्ये 41 वा निवडला गेला आणि पुढे तीनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्बियन लोक उंच असतात, हे मान्य. पण तिथे क्लबांची उतरंड आहे आणि कोर्ट सार्वजनिक जीवनाचा भाग आहे, ही गोष्ट उंचीपेक्षा कमी नाही. आपल्या जिल्ह्यात बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कोर्टं नाहीत असं नाही. ती शाळांच्या फाटकाआड आहेत, क्लबांच्या सभासदत्वाआड आहेत आणि अलीकडे टॉवरच्या पोडियमवर आहेत. गोरेगाव पूर्वेच्या नव्या गृहसंकुलांत फेरफटका मारला तर तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर हिरव्या-निळ्या रंगानं रंगवलेलं अर्धं कोर्ट दिसतं. त्यावर संध्याकाळी दोन मुलं सायकल चालवत असतात. खालच्या रस्त्यावरच्या मुलाला तिथे जाता येत नाही, आणि वरच्या मुलांना खेळायला पुरेशी माणसं मिळत नाहीत. बास्केटबॉलला पाच विरुद्ध पाच लागतात. एका इमारतीत एकाच वयाचे दहा खेळाडू कुठून येणार?

शाळेचं कोर्ट असेल तर शाळा सुटली की फाटक बंद. वॉचमन काका ओळखीचे असले तर अर्धा तास जास्त मिळतो. रिंगला जाळी नसते, त्यामुळे बॉल आत गेला की बाहेरून, हा वाद रोजचा. सिमेंटच्या कोर्टावर बुटाचे तळवे वर्षात गुळगुळीत होतात आणि गुडघ्यांना प्रत्येक उडीचा हिशेब द्यावा लागतो. जून उजाडला की सप्टेंबरअखेरपर्यंत सगळंच ठप्प. एखाद्या सकाळी पाऊस उघडला तर मुलं खराटा घेऊन पाणी लोटतात, उरलेलं गोणपाटानं टिपतात, तासभर खेळतात आणि परत सर येते. वर्षाचे चार महिने सराव नसलेला मुलगा बाराही महिने छताखाली खेळणाऱ्या मुलापुढे उभा राहतो, तेव्हा निकालाचं आश्चर्य वाटायला नको. क्रिकेट पावसात थांबतं, पण ते सगळ्यांचंच थांबतं. बास्केटबॉल जगात बहुतेक ठिकाणी छताखाली खेळला जातो.

'भारतीयांना हा खेळ झेपणारा नाही, आपली उंचीच नाही,' हे ऐकून कान किटले आहेत. फिलिपाइन्समध्ये माणसांची सरासरी उंची आपल्याहून जास्त नाही, पाऊस आपल्याइतकाच, वादळं आपल्यापेक्षा जास्त. तिथल्या वस्त्यावस्त्यांत, म्हणजे त्यांच्या बारांगायांत, वर पत्रे टाकलेली बास्केटबॉलची कोर्टं आहेत. लग्नं, सभा, मदतकेंद्रं सगळं तिथेच चालतं. त्या देशाची व्यावसायिक लीग 1975 पासून सुरू आहे, आशियातली पहिली. त्यांनी जगज्जेते निर्माण केले नाहीत, पण हजारो माणसांना या खेळावर पोट भरता येतं.

जपानचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं आहे. तिथेही बास्केटबॉल कंपन्यांच्या संघांवर चालायचा: टोयोटा, तोशिबा, हिताची. खेळाडू म्हणजे कंपनीचा नोकरदार, अगदी आपल्या रेल्वेसारखा. पुढे दोन लीग झाल्या, भांडणं झाली आणि 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं जपानला निलंबितच केलं. त्या ठेचेनंतर सगळे एकत्र आले आणि 2016 मध्ये बी.लीग सुरू झाली. तिच्यात कंपनीचे संघ गावांचे झाले. तोशिबाचा संघ कावासाकीचा झाला, टोयोटाचा टोकियोचा. कंपनीचा पैसा राहिला, पण संघाला गाव मिळालं, गावात स्टेडियम मिळालं, खाली दुसरी आणि तिसरी श्रेणी मिळाली. सात वर्षांत जपान ऑलिंपिकला स्वतःच्या बळावर पात्र ठरला. योकोहामाच्या क्लबाकडून खेळलेला युकी कावामुरा 2024 मध्ये एनबीएच्या मेम्फिस ग्रिझलीजकडे गेला. त्याची उंची 5 फूट 8 इंच. असा मुलगा दादरच्या गर्दीत सहज मिसळून जाईल.

आपल्याकडेही लीगचे प्रयत्न झाले. 2015 मध्ये यूबीए ही लीग निघाली. मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज असे संघ तिच्यात होते. काही हंगामांनंतर ती थांबली. नंतरही प्रयत्न झाले, अजून होताहेत. पण शहराचं नाव घेतलेला संघ त्या शहरातल्या कोणत्या कोर्टावर सराव करतो, कोणत्या मुलांना तो संध्याकाळी दिसतो, या प्रश्नाला उत्तर नसेल तर ती लीग टीव्हीपुरतीच राहते. प्रो कबड्डी 2014 मध्ये आली आणि टिकली, कारण तिच्याखाली लालबाग-परळ-प्रभादेवीच्या क्रीडा मंडळांची, त्यांच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धांची, बँका-कंपन्यांच्या व्यावसायिक संघांची आणि गावोगावच्या मैदानांची जमीन आधीच तयार होती. पहिल्या लिलावात राकेश कुमारला 12 लाख 80 हजार मिळाले तेव्हा लोक थक्क झाले. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांहून जास्त बोली लागली. बास्केटबॉलवाले हे आकडे बघून 'आपलीही लीग हवी' म्हणतात. हवीच. पण आधी आपली मंडळं कुठे आहेत, ते बघावं लागेल.

गोरेगावला हे परकं नाही. प्रबोधन गोरेगावसारखी संस्था 1972 पासून इथे नागरिकांच्या बळावर उभी आहे. तिच्या आंतरशालेय क्रीडा महोत्सवानं उपनगरातल्या मुलांना मैदान दिलं. याच गोरेगावात मृणालताई गोरे यांनी पाण्यासाठी बायांचे मोर्चे काढले आणि नागरी निवाऱ्यासाठी लढा दिला. पाणी आणि घर मागताना जे धैर्य दाखवलं, ते मैदान मागताना दाखवायला काय हरकत आहे?

मागायची वेळ नेमकी आत्ता आहे. म्हाडाच्या मोतीलाल नगरचा पुनर्विकास होऊ घातला आहे. ती वसाहत सुमारे 140 एकरांची. बास्केटबॉलचं पूर्ण कोर्ट 28 मीटर बाय 15 मीटर, कडेची मोकळी जागा धरली तर 600 चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे त्या जमिनीचा जेमतेम हजारावा हिस्सा. त्यावर पत्र्याचं उंच छत, दिवे, कडेला चार पायऱ्यांची बैठक. अट एकच: ते कोणत्याही इमारतीच्या किंवा क्लबाच्या ताब्यात जाऊ नये. मोकळी जागा 'दत्तक' घेऊन तिचं सभासदांच्या जिमखान्यात रूपांतर कसं होतं, हे मुंबईनं पुरेसं पाहिलं आहे. फाटकाची किल्ली महापालिकेकडे हवी, आणि फाटक पहाटे पाच ते रात्री दहा उघडं हवं.

कोर्टाइतकीच तिथे पगारावरची माणसं हवीत. उपनगरात असे कितीतरी जण राहतात जे राज्याकडून, रेल्वेकडून, विद्यापीठाकडून खेळले आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कोचिंगचा अभ्यासक्रम केलेलेही आहेत. आज ते शाळा-शाळांत तासावर फिरतात. खेळाडूचं करिअर 32 व्या वर्षी संपतं; त्यानंतरची 25 वर्षं कोच, रेफ्री, ट्रेनर म्हणून मानानं जगता येणार असतील, तर 14 वर्षांच्या मुलीचे आई-वडील दहावीच्या वर्षी तिला कोर्टावरून काढण्याआधी दोनदा विचार करतील. 14 ते 17 हीच वर्षं कौशल्य पक्कं होण्याची, आणि नेमकी तीच वर्षं आपण क्लासला देतो.

मुलींसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 2017 मध्ये बंगळुरूत महिलांच्या आशिया चषकाच्या ब गटात भारत जिंकला, कझाकस्तानला अंतिम सामन्यात दोन गुणांनी हरवून. त्या संघात पुण्याची शिरीन लिमये होती. अशा मुली घडायच्या तर त्यांना मुलांचा खेळ आटोपल्यावर उरलेला कोपरा देऊन चालणार नाही. संध्याकाळी सहा ते आठ पूर्ण कोर्ट मुलींचं, दिवे लागलेले, महिला कोच हजर, आणि कपडे बदलायला कडी लागणारी खोली. ही वेळ फलकावर लिहिलेली असावी, कोणाच्या मर्जीवर नसावी. मुलांचा हट्ट असेल तर त्यांनी आठ ते दहा खेळावं. त्यांना उशिरा घरी जायची मुभा असते. कोर्टाचा आराखडा मंजूर होईल तेव्हा हे वेळापत्रक त्याच कागदावर असलं पाहिजे, नंतर ठरवू म्हटलं की ते कधीच ठरत नाही.